मानसशास्त्राची तोंडओळख: नागपूरच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात अकरावी-बारावीला किंवा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेतलेली मुलं, त्यांचे आईवडील आणि नोकरी सांभाळून बाहेरून परीक्षा देणारे, यांच्याकडून दरवर्षी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी हा विषय शिकवते. माझा आग्रह एकच आहे: कुठलीही संज्ञा पाठ करण्याआधी ती कुणी आणि कशावरून मांडली ते विचारा. ते कळलं की व्याख्या लक्षात राहते आणि भलत्या ठिकाणी वापरलीही जात नाही.

मॅडम, मानसशास्त्र शिकलं की समोरच्याच्या मनातलं ओळखता येतं का?

येत नाही. येतं असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर लांब राहा.

मानसशास्त्र म्हणजे वर्तन आणि मानसिक प्रक्रिया यांचा शास्त्रीय अभ्यास. वर्तन बाहेरून दिसतं, मोजता येतं. आठवणं, लक्ष देणं, ठरवणं, घाबरणं या मानसिक प्रक्रिया थेट दिसत नाहीत. त्यांचा अंदाज चाचणीतल्या उत्तरांवरून, झालेल्या चुकांवरून, प्रतिक्रियेला लागलेल्या वेळेवरून बांधावा लागतो. विल्हेम वुंट यांनी 1879 मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगला प्रयोगशाळा सुरू केली आणि तिथे हेच मोजमाप चालायचं. पुढे 1913 मध्ये जॉन वॉटसन यांनी अमेरिकेत भूमिका घेतली की जे दिसतं तेवढ्याचाच अभ्यास करायचा, मनाबद्दल बोलायचंच नाही. ही वर्तनवादाची लाट काही दशकं टिकली, मग स्मृती आणि विचार हे विषय पुन्हा प्रयोगशाळेत आले. भारतात कलकत्ता विद्यापीठात 1916 मध्ये मानसशास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग सुरू झाला.

मानसशास्त्रज्ञ, मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशक यांत फरक काय?

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. ते औषध लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्रातूनच पुढे जातात, चाचण्या घेतात, मानसोपचार करतात आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक अभ्यास, नातेसंबंध, नोकरी अशा अडचणींत मदत करतात. ही पाटी मात्र आपल्याकडे कुणीही लावतं, म्हणून शिक्षण आणि अनुभव विचारून घ्या. विचारण्यात काही वावगं नाही.

सहसंबंध म्हणजेच कारण, असं का म्हणायचं नाही?

मे महिन्यात नागपुरात कूलरची विक्री वाढते आणि त्याच महिन्यात उष्माघाताचे रुग्णही वाढतात. दोन्ही आकडे सोबत चढतात, पावसाळा लागला की सोबत उतरतात. म्हणजे सहसंबंध चांगला मजबूत. तरी कूलरमुळे उष्माघात होतो असं कुणी म्हणणार नाही, कारण दोन्हींच्या मागे असलेलं ऊन आपल्याला दिसतंय. पण ‘जास्त मोबाईल बघणारी मुलं चिडचिडी असतात’ हे वाक्य आलं की तेच लोक लगेच मोबाईलला दोषी ठरवतात. मोबाईलमुळे चिडचिड वाढत असेल, चिडचिड्या मुलाला गप्प बसवायला घरचे मोबाईल देत असतील, किंवा कमी झोपेमुळे दोन्ही होत असेल. सहसंबंध यातलं काय खरं ते सांगत नाही.

कारण शोधायचं तर प्रयोग करावा लागतो. आपण जे बदलतो तो स्वाश्रयी चल, त्याचा परिणाम जिथे मोजतो तो आश्रयी चल. सहभागी व्यक्तींची विभागणी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी करायची. एका गटाला बदल मिळतो, दुसऱ्याला, म्हणजे नियंत्रित गटाला, मिळत नाही. यादृच्छिक विभागणी मुलांना बारीकसारीक बाब वाटते आणि सगळ्यात आधी तीच उत्तरातून गळते. खरं तर प्रयोगाची सगळी ताकद तिच्यात आहे, कारण घरची परिस्थिती, झोप, स्वभाव असे आपल्याला माहीत नसलेले फरकही तिच्यामुळे दोन्ही गटांत साधारण सारखे वाटले जातात.

वेदन आणि संवेदन वेगळं कसं?

डोळे, कान, जीभ, त्वचा यांतल्या ग्राहक पेशींनी बाहेरची ऊर्जा किंवा रसायन पकडून मज्जासंदेशात बदलणं म्हणजे वेदन. त्या संदेशांना मेंदूने अर्थ देणं म्हणजे संवेदन.

आपल्या गावात याचं उत्तम उदाहरण ताटातच मिळतं. सावजीचा रस्सा तिखट लागतो, पण तिखट ही चव नाही. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या चवींचे ग्राहक वेगळे. मिरचीतलं कॅप्सायसिन ज्या ग्राहकावर बसतं, तो टीआरपीव्ही-1 हा उष्णता आणि वेदना टिपणारा ग्राहक आहे. साधारण 43 अंश सेल्सिअसच्या पुढची उष्णता त्याला जागं करते. कॅप्सायसिन त्याला थंड जेवणातही जागं करतं, आणि मेंदूकडे निरोप जातो तो भाजल्याचा. म्हणून घाम फुटतो, नाक वाहतं, डोळ्यांत पाणी येतं. हा ग्राहक शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. आता गंमत बघा: ग्राहक तोच, संदेश तोच, पण लहानपणापासून तर्री खात आलेला माणूस ‘मजा आली’ म्हणतो आणि बाहेरगावचा पाहुणा पाण्याचा तांब्या शोधतो. सतत खाऊन ग्राहकांची धार थोडी कमी होते हे खरं, पण बाकीचा फरक संवेदनाचा. सवय, अपेक्षा, सोबतची माणसं, हे सगळं त्या अर्थात मिसळतं.

वेदनिक समायोजन म्हणजे काय? परीक्षेत नेहमी येतं.

वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर सुरू केला की खोलीभर गार, ओला सुगंध पसरतो. दहा-पंधरा मिनिटांनी तो जाणवेनासा होतो. वास गेलेला नसतो, बाहेरून आलेल्याला दारातच येतो. एकसारख्या उद्दीपकाला, म्हणजे प्रतिसाद जागवणाऱ्या गोष्टीला, ग्राहक पेशी कमी प्रतिसाद द्यायला लागतात, हे समायोजन.

याच धड्यात भेदसीमा येते. अर्नस्ट वेबर यांना दिसलं की फरक जाणवण्यासाठी लागणारी वाढ मूळ प्रमाणावर अवलंबून असते. पाव किलोच्या पिशवीत एक संत्रं वाढलं तर हाताला लगेच कळतं, पंचवीस किलोच्या पेटीत एक वाढलं तर पत्ता लागत नाही.

डाव्या मेंदूचे लोक आणि उजव्या मेंदूचे लोक असतात का?

असे दोन प्रकारचे लोक नसतात. ही समजूत एका खऱ्या शोधातून फुगली. 1861 मध्ये पॉल ब्रोका यांना आढळलं की डाव्या अर्धगोलाच्या पुढच्या भागात इजा झालेल्या रुग्णाची वाचा जाते. पुढे रॉजर स्पेरी यांनी दोन अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा पट्टा कापलेल्या रुग्णांचा अभ्यास केला आणि 1981 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. काही कामांत एक बाजू पुढे असते हे त्यातून दिसलं. पण तुमचा आणि माझा पट्टा शाबूत आहे आणि दोन्ही बाजू सतत एकमेकींशी बोलत असतात. मेंदूचा दहाच टक्के वापर होतो हेही खोटं.

अभिजात अभिसंधान सोप्या शब्दांत सांगा. घंटा आणि कुत्रा पाठ आहे, पण उदाहरण आलं की गडबड होते.

इव्हान पावलोव्ह पचनावर काम करत होते. 1904 चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. कुत्र्याच्या तोंडात अन्न पडलं की लाळ सुटते, हे शिकवावं लागत नाही. अन्न हा अनभिसंधित उद्दीपक आणि त्यावरची लाळ अनभिसंधित प्रतिसाद. अन्नाच्या ठीक आधी दरवेळी एखादा आवाज झाला, तर काही दिवसांनी नुसत्या आवाजानेही लाळ सुटते. आवाज आता अभिसंधित उद्दीपक झाला आणि त्यावरची लाळ अभिसंधित प्रतिसाद. पुढे आवाज होत राहिला पण अन्न आलंच नाही तर प्रतिसाद विरत जातो, त्याला विलोपन म्हणतात. काही काळाने तो अचानक परतही येतो.

गडबड होऊ नये म्हणून आधी एवढंच विचारा: न शिकवता आपोआप काय घडतं? तिथून सुरुवात करा.

आता कुत्रा सोडा आणि आपल्या चौकात या. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून केलेलं मिश्रण, खाणाऱ्याला विचारा, तलब कधी येते. पानठेला दिसला की येते, खर्रा घोटल्याचा आवाज ऐकला की येते, जेवण झालं की येते, ठरलेला मित्र भेटला की येते. तंबाखूतल्या निकोटीनचा शरीरावरचा परिणाम आपोआप होणारा. ठेला, आवाज, मित्र हे त्याच्याशी जोडले गेलेले उद्दीपक. म्हणून सोडायचं ठरवणाऱ्याला मी सांगते की निर्धार हवाच, पण पहिले काही आठवडे घरी जायचा रस्ताही बदल. हे उद्दीपक टाळले की तलब जागी होण्याचे प्रसंगच कमी होतात.

एक अपवाद सांगायलाच हवा. एखादा पदार्थ खाल्ला आणि काही तासांनी उलट्या झाल्या, तर त्या पदार्थाची शिसारी एकाच प्रसंगात बसते आणि वर्षानुवर्षं टिकते. उलट्या तापाच्या असल्या तरी बसते. जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोलिंग यांनी 1966 मध्ये उंदरांवर दाखवलं की आजारपण चवीशी चटकन जोडलं जातं, प्रकाश आणि आवाजाशी नाही. विजेचा झटका मात्र प्रकाश-आवाजाशी जोडला जातो, चवीशी नाही. कुठलीही गोष्ट कशाशीही जोडता येते ही वर्तनवाद्यांची कल्पना तिथे अडली.

ऋण प्रबलन म्हणजे शिक्षाच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून इथे वेळ घेऊ.

बी. एफ. स्किनर यांच्या साधक अभिसंधानात, म्हणजे वर्तनाच्या परिणामांतून शिकण्यात, दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे असतात. एक, वर्तन वाढलं की घटलं? वाढलं तर प्रबलन, घटलं तर शिक्षा. दोन, काही मिळालं की काही निघून गेलं? मिळालं तर धन, गेलं तर ऋण. इथे धन-ऋण म्हणजे चांगलं-वाईट नव्हे, नुसती बेरीज-वजाबाकी.

उन्हाळ्यात स्कूटीवर निघताना मुली डोक्या-तोंडाला स्कार्फ गुंडाळतात. झळ लागायची थांबते, म्हणून दुसऱ्या दिवशी न विसरता गुंडाळतात. त्रासदायक गोष्ट गेली आणि वर्तन वाढलं, हे ऋण प्रबलन. सिग्नल तोडला आणि दंड भरावा लागला, खिशातले पैसे गेले आणि पुढच्या वेळी थांबलात, ही ऋण शिक्षा. घरकाम छान केलं म्हणून आजीने पाठ थोपटली आणि मूल रोज करू लागलं, हे धन प्रबलन. खोड्या केल्या म्हणून रागावणं पडलं आणि खोड्या कमी झाल्या, ही धन शिक्षा.

आता फुटाळ्यावरचा प्रसंग घ्या. चार वर्षांचं लेकरू भुट्ट्यासाठी रडतं. आई नाही म्हणते. ते जमिनीवर लोळण घेतं, लोक बघायला लागतात, आई भुट्टा घेऊन देते, रडणं थांबतं. लेकराला भुट्टा मिळाला, म्हणजे लोळण घेण्याला धन प्रबलन मिळालं. आईचा त्रास थांबला, म्हणजे हार मानण्याला ऋण प्रबलन मिळालं. दोघंही एकमेकांना शिकवून गेले. आणि आईने कधी दिलं, कधी नाही दिलं तर वर्तन जास्तच चिवट होतं, कारण अधूनमधून मिळणाऱ्या प्रबलनाने शिकलेली गोष्ट लवकर विरत नाही. मोबाईल पुन्हापुन्हा उघडून बघण्याची सवय याच जातीची.

खर्ऱ्याकडे परत आलो तर तिथेही दोन्ही सापडतात. सुरुवातीला तरतरी वाटते म्हणून माणूस खातो, ते धन. पुढे न खाल्ल्याने होणारी बेचैनी घालवायला खातो, ते ऋण. व्यसन पक्कं होण्यात दुसऱ्याचा वाटा फार मोठा असतो.

वाचलेलं सगळं विसरायला होतं. स्मृती कमजोर आहे का?

बहुधा नाही. तुमची पद्धत कमजोर असेल. हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून निरर्थक अक्षरसमूह पाठ केले आणि पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात ते मोजलं. एका दिवसानंतर बचत एक तृतीयांशाच्या आसपास उरली होती, महिन्यानंतर पाचव्या हिश्श्याएवढी. म्हणजे विसरण्याचा मोठा भाग पहिल्या काही तासांत होतो, नंतर वेग मंदावतो.

तात्कालिक स्मृतीची क्षमता छोटी असते. जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये ती सात घटकांच्या आगेमागे सांगितली. नंतरचे संशोधक चारच्या जवळ मानतात. पण घटक मोठा करता येतो: मोबाईल नंबरचे 10 अंक सुटे धरले तर जड जातात, तीन-चारचे गट केले की जमतं.

अभ्यासासाठी सगळ्यात उपयोगी निष्कर्ष हा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी पुन्हा वाचले, काहींनी पुस्तक मिटून आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना 42. वाचताना ‘येतंय’ असं वाटणं फसवं असतं, म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री पिवळ्या पेनने रेघा ओढत बसणाऱ्या मुलांचं मला खरंच वाईट वाटतं. मेहनत तीच, पण हाती कमी लागतं. धडा मिटा, कोऱ्या कागदावर लिहा, चुका बघा, दोन दिवसांनी पुन्हा करा.

प्रात्यक्षिकात आरशात बघून ताऱ्याची आकृती का काढायला लावतात?

कारण त्यामागे एच. एम. या नावाने ओळखला जाणारा रुग्ण आहे. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून 1953 मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस हा भाग बराचसा काढला. झटके कमी झाले, पण नवीन प्रसंग त्याच्या लक्षात राहणं बंद झालं. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून तारा गिरवायला दिला. रोज त्याच्या चुका कमी होत गेल्या आणि रोज तो म्हणायचा की हे काम मी पहिल्यांदाच करतोय. हाताचं कौशल्य आणि प्रसंगांची आठवण मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी साठते, हे त्यातून कळलं. तुमच्या जर्नलमध्ये चुकांचा आलेख खाली उतरतो ना, तोच हा.

डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट चुकीची आठवू शकते?

हो, आणि आठवणाऱ्याला जराही शंका नसते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 मध्ये विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या चित्रफिती दाखवल्या. ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता’ आणि ‘गाड्यांचा चक्काचूर झाला तेव्हा किती होता’, एवढाच प्रश्नातला फरक. सरासरी उत्तर पहिल्या गटात ताशी सुमारे 34, दुसऱ्यात सुमारे 41 मैल. पुढच्या प्रयोगात आठवड्याने विचारलं की फुटलेली काच दिसली का. काच नव्हतीच. चक्काचूर ऐकलेल्या 50 पैकी 16 जणांनी हो म्हटलं, साधा शब्द ऐकलेल्या 50 पैकी 7 जणांनी. साक्षीदाराला प्रश्न कसा विचारायचा हे म्हणूनच फार महत्त्वाचं.

बुद्धिगुणांक किती असावा?

चाचण्यांची सरासरी 100 आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, 15 ठरवलेलं असतं, त्यामुळे सुमारे 68 टक्के लोक 85 ते 115 मध्ये येतात. आल्फ्रेड बिने यांनी 1905 मध्ये पॅरिसला पहिली चाचणी केली ती शाळेत जादा मदत कुणाला लागेल हे ओळखण्यासाठी. मुलाच्या कपाळावर आकडा चिकटवावा असं त्यांच्या मनात नव्हतं. तिचं भारतीय रूपांतर, बिने-कामत चाचणी, आपल्याकडे अजून वापरात आहे. इंटरनेटवरच्या पाच मिनिटांच्या चाचणीतला आकडा विसरून जा.

मॅस्लोचा पिरॅमिड आणि फ्रॉइड, हे अजून खरं मानतात का?

अब्राहम मॅस्लो यांनी 1943 च्या लेखात गरजांची क्रमवारी मांडली, पण पिरॅमिडची आकृती नंतर इतरांनी काढली. पोट भरल्याशिवाय माणूस प्रेम किंवा ज्ञान शोधत नाही हे काटेकोर अर्थाने टिकत नाही. फ्रॉइड यांनी अबोध मनाकडे लक्ष वेधलं, हे मोठं काम. त्यांचे बरेचसे तपशील प्रयोगाने पडताळता आले नाहीत. दोन्ही इतिहास म्हणून शिका.

बर्डीच्या सिग्नलवर कुणी मध्ये घुसला की तो माजोरडा, आपण घुसलो की घाई. याला काही नाव आहे?

आहे. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधणं आणि परिस्थितीकडे दुर्लक्ष करणं, हा मूलभूत गुणारोपण दोष. स्वतःच्या बाबतीत आपण परिस्थिती पुढे करतो, कारण ती आपल्याला दिसत असते.

याच धड्यातला बघ्यांचा परिणाम लक्षात ठेवा. जॉन डार्ली आणि बिब लॅटाने यांच्या 1968 च्या प्रयोगात कुणाला तरी झटका आल्याचं ऐकू आलं. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी 85 टक्के वेळेत मदतीला उठले, आणखी चौघं ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी 31 टक्केच. रस्त्यावर अपघात झाला तर ‘कोणीतरी फोन करा’ असं ओरडू नका. ‘निळ्या शर्टवाले भाऊ, तुम्ही 108 ला फोन लावा’ असं एकाला बोट दाखवून सांगा.

‘मला डिप्रेशन आलं’ असं सगळेच म्हणतात. खरं डिप्रेशन कसं ओळखायचं?

पेपर वाईट गेला, दोन दिवस मन लागलं नाही, हे दुःख आहे आणि दुःख होणं निरोगीपणाचंच. डिप्रेशन म्हणजे अवसाद, आणि ती वैद्यकीय संज्ञा आहे. सततची उदासी किंवा आवडत्या गोष्टींतून रस उडणं, यांपैकी किमान एक लक्षण हवं. त्यासोबत झोप किंवा भूक बिघडणं, थकवा, लक्ष न लागणं, आपण निरुपयोगी आहोत असं वाटणं, मरणाचे विचार, अशी मिळून किमान पाच लक्षणं दोन आठवडे, जवळजवळ रोज असावी लागतात आणि कामाधामावर परिणाम झालेला असावा लागतो. निदान तज्ज्ञच करतात. वर्गात शिकलेल्या यादीवरून घरच्यांचं, मैत्रिणीचं निदान करू नका, पण यादीतलं काही दिसलं तर तिच्याशी बोला. आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जात नाही. विचारा.

नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांमध्ये मनोविकार विभाग आहेत आणि मानकापूर भागात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ‘तिकडे’ गेलं म्हणजे नाव खराब होतं ही भीती घरात बसलेली असते, आणि तिच्यामुळे पहिली भेट लांबत जाते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क मानला आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायला सांगितलं आहे आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. रात्री-बेरात्री बोलायला कुणी नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास सुरू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.